पत्ता : दारू सोडलेले लोक

पोस्टमन रिटायर झाला तरी लोक त्याला पत्ते विचारायचं सोडत नाहीत. परवा एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या माणसाने जिलेबी मोडता मोडता मला विचारलं, "वानखडेभाऊ, तो आरामशीनवाला सय्यद आता कुठी राह्यते?" तोंडात घास होता म्हणून मी डाव्या हाताने दिशा दाखवली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. पत्ता शोधून काढण्याचा मला गर्व होता आणि अजूनही आहे. पण याच गर्वापायी माझ्या हातून एक मोठी चूक झाली. दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा म्हणून निरोप आला, तेव्हा आधी तीच आठवली. गावाचं नाव लिहीत नाही. आपल्या जिल्ह्यातलं, रेल्वेलाइनीवरचं एक गाव, एवढं पुरे. माणसांची नावंही बदलली आहेत. ज्यांची ही हकिकत आहे त्यांचा पहिला नियमच तो होता, आणि मी तो एकदा मोडलेला आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पोस्टमन म्हणजे नुसते पाय. चाला आणि वाटा. तसं नसतं. सकाळच्या पॅसेंजरने थैली यायची, ती ऑफिसात फोडायची, शिक्के बसायचे, मग आम्ही तिघे पोस्टमन आपापल्या बीटचं, म्हणजे नेमून दिलेल्या भागाचं टपाल उचलून घरांच्या ओळीप्रमाणे लावायचो. हे लावणंच खरं काम. ज्याचं टपाल नीट लागलं, त्याला एका गल्लीत दोनदा शिरावं लागत नाही. ज्या पत्राचा धनी सापडत नाही ते सात दिवस ठेवायचं, रोज चौकशी करायची, आणि तरी नाही सापडला तर ‘पत्ता अपुरा’ असा शेरा मारून पाठवणाऱ्याकडे परत. माझ्या बीटमध्ये हा शेरा मारायची पाळी फार क्वचित आली.

आणि पत्ते तरी कसे असत! ‘दोन बायकांवाले तात्या, विहिरीपाशी.’ विहिरी सात, आणि दोन बायकांवाले तात्या तीन. मी तिघांच्याही दारात गेलो. पहिल्या दोघांनी आपल्याला दोन बायका असल्याचंच नाकारलं, तिसऱ्याने मुकाट्याने पत्र घेतलं. ‘सुरेशची आई’ एवढ्याच पत्त्याचं एक पाकीट मी चौथ्या सुरेशच्या घरी पोचतं केलं. माझी पद्धत साधी होती. विचारायचं. पानठेला, चहाचं हॉटेल, आणि सगळ्यात भरवशाची पिठाची चक्की. दळण होईपर्यंत बाया बसून असतात आणि त्यांना गावातलं सगळं ठाऊक असतं. फक्त चक्कीच्या आवाजावर आवाज चढवून विचारावं लागतं.

महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. हातभट्टी तर आधीपासून होतीच, आता परवान्याची दुकानंही उघडायला लागली होती. चैत्रातल्या एका बुधवारी थैलीतून एक पोस्टकार्ड निघालं. पत्त्याच्या बाजूला गावाचं नाव, आणि वर लिहिलेलं: ‘दारू सोडलेले लोक, यांची बैठक भरते त्या ठिकाणी.’

ऑफिसात हशा पिकला. पोस्टमास्तरसाहेबांनी ते कार्ड माझ्याकडे टाकलं. पोस्टमनने कार्ड वाचू नये असा दंडक आहे, पण पत्ता शोधायचा तर वाचावंच लागतं, असं मी स्वतःला सांगत असे. म्हणून वाचलं. अक्षर चौथी शिकलेल्या बाईचं होतं, एकेक अक्षर जपून काढलेलं.

‘सप्रेम नमस्कार. मी तुम्हाले ओळखत नाही. गाडीत एका बाईनं सांगतलं की तुमच्या गावात दारू सोडलेल्या लोकाहिची बैठक भरते अन् नवीन माणसाले बसू देतात. आमचे हे एकदा यायले तयार झाले. बारा वर्षात पह्यल्यांदा हो म्हणले. कोणत्या दिवशी, किती वाजता अन् कुठी यायचं ते कळवा. आखाजीले मी लेकरं घेऊन माहेरी जाऊन राह्यली. त्याच्या आंदी बैठक भेटली नाही तर वापस येणार नाही असं ठरवलं आहे. हे म्या त्याहिले सांगतलं नाही, तुम्हालेच सांगते.’ खाली नाव, कमल, मग सासऱ्याचं नाव, मळ्याचा पत्ता आणि गाव वडनेर भोलजी.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आमच्याकडे लेकींनी माहेरी जायचा सण. तिला सोळा दिवस राहिले होते. आणि नवऱ्यालाही न सांगितलेली गोष्ट या बाईने उघड्या पोस्टकार्डावर लिहून जगाच्या हाती दिली होती. पाकिटाची अक्कल कोणी दिली नसणार.

"सात दिवस ठेवा, शेरा मारा अन् वापस पाठवा," साहेब म्हणाले.

"साहेब, हे वापस गेलं तं पह्यले तिच्या सासऱ्याच्या नाई तं नवऱ्याच्या हातात पडन. बाईचं घरच मोडन."

साहेबांनी कार्ड पुन्हा हातात घेतलं, वाचलं, आणि मला दिलं. "मग शोधा. पण सातच दिवस."

मी निघालो, आणि जसं नेहमी शोधतो तसंच शोधलं. पानठेल्यावर विचारलं, हॉटेलात विचारलं. "आमची बैठक भट्टीवर भरते बे, येतं का?" असं एकाने म्हटलं आणि सगळे खिदळले. मग चक्कीवर गेलो. पट्ट्याचा खडखडाट चाललेला, मी दारातूनच ओरडलो, "दारू सोडलेल्या लोकाहिची बैठक कुठी भरते वो, कोणाले मालूम हाये काय?" दहा-बारा बाया एकदम माझ्याकडे बघायला लागल्या. कोणालाच माहीत नव्हतं. पण दळण घेऊन प्रत्येक बाई घरी गेली तेव्हा नुसतं पीठ घेऊन गेली नाही.

दोन दिवसांत गावात याद्या तयार झाल्या. कोण पितं ती यादी सगळ्यांना पाठच होती. आता कोणी सोडली याचे अंदाज सुरू झाले. शुक्रवारी मी बाजारातून जात असताना प्रायमरी शाळेचे एक गुरुजी समोरून येत होते. पूर्वी प्यायचे, हे गावाला माहीत होतं. पानठेल्यावरून कोणीतरी हाळी दिली, "काय गुरुजी, बैठकीले चालले काय?" ठेल्यावरचे सगळे हसले. मीही हसलो. गुरुजी मान खाली घालून पुढे गेले.

सोमवारी टपाल लावत होतो. आमच्या बीटमध्ये स्टेशनामागच्या गल्लीत एक रिटायर झालेले रेल्वेगार्ड राहत. भुसावळकडून बदलून आलेले आणि मग इथेच राहिलेले. मिशा भरदार, बोलणं कमी. दोन महिन्यांतून एकदा त्यांना मुंबईहून खाकी वेष्टनातलं एक बुकपोस्ट यायचं. बियाण्यांचं कॅटलॉग असेल, असं मी धरून चाललो होतो. त्या दिवशी वेष्टनाचा कोपरा थैलीत फाटला होता आणि आतली ओळ दिसत होती: ‘दारूपासून दूर राहिलेल्या आपल्या बांधवांस...’

मी खालीच बसलो. दोन वर्षं मी त्या बैठकीचं टपाल माझ्याच हाताने त्या माणसाला देत होतो, आणि पत्ता मात्र साऱ्या गावाला विचारत फिरलो होतो.

त्यांच्या दारात जाऊन बुकपोस्ट दिलं आणि मग हळूच ते कार्ड काढलं. त्यांनी वाचलं, परत केलं.

"कोनती बैठक? मले नाई मालूम." दार बंद.

मी तिथेच उभा राहिलो. शेवटी बंद दाराशीच बोललो, पण या वेळेस हळू. "साहेब, आखाजीले अकरा दिवस राह्यले."

कडी वाजली. "अंदर या."

आत त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उभेच राहिले. "पाच जन होतो आमी. दर रविवारी सकाळी आठ वाजता, बंद पडलेल्या जिनिंगच्या काटाघरात, कापूस मोजाच्या खोलीत, बसत होतो. चौकीदार चावी देत होता. कोनी सरकारी मानूस, कोनी दुकानदार, कोनी मास्तर. तुमी चक्कीवर वरडले. काल मी एकटाच बसलो. एक घंटा, एकटाच. अन् जाताना चौकीदारानं चावी वापस मांगली. बोलला, लोक इचारून राह्यले."

ते पुढे म्हणाले, "वानखडे, मानूस पिऊन पडला तं लोक उचलून घरी पोचवतात. सोडतो म्हनला तं हासतात. म्हनून आमी नाव सांगत नाई, पत्ता सांगत नाई. नवा मानूस जुन्याचा हात धरून येते. पाटी लावली तं कोनी येनारच नाई."

मी आयुष्यात इतका शरमलो नव्हतो. पाया पडायला वाकलो तर त्यांनी दंड धरला. "माफी नोका मांगू. जागा पाहा. मानूस शिरताना दिसला तरी ‘काऊन गेला’ म्हनून कोनी इचारनार नाई, अशी जागा."

मंगळवारी सगळं बीट मी याच विचारात फिरलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोन घरांचं टपाल उलटसुलट गेलं. देवळात गेलात तर पुजारी विचारणार. शाळेत हेडमास्तर. स्टेशनावर पोर्टर. ज्या गावाच्या माहितीचा मला इतका अभिमान, त्या गावात न विचारणारी एकही जागा मला सापडेना. आणि संध्याकाळी घरी पोचताना ती दिसली. आमच्या वस्तीतला विहार. टिनाचं छप्पर, एक खोली, आत बुद्धमूर्ती आणि एक जाजम, बाहेर लिंबाचं झाड.

गार्डसाहेबांना सांगितलं. ते स्वतः जातपात मानणारे नव्हते, पण खरं बोलणारे होते. "बाकीचे तुमच्या वस्तीत येतीन काय?"

मला झोंबलं, आणि झोंबलं म्हणूनच उत्तर सुचलं. "साहेब, दहा वर्षं झाली, मी गावाच्या दारादारात जाऊन राह्यलो. माह्या वस्तीत गावातलं कोणी अजून चहा प्यायले आलं नाई. तुमच्या लोकाहिले वळखणारं तिथं कोणी भेटणारच नाई. याच्यापरीस दडलेली जागा असन तं सांगा."

मिशांतून ते हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहत होतो. "ये तो सही बात है," म्हणाले.

विहाराची चावी गयामावशीकडे असे. तिचा नवरा हातभट्टीने गेलेला. वस्तीत तिच्या शब्दाबाहेर कोणी नव्हतं. मी भीत भीत सांगितलं.

"दारू सोडायले येतीन? येऊ दे," ती म्हणाली. "पंचशीलातलं पाचवं शील काय हाये? तेच तं हाये. आमचा माणूस ते रोज म्हणे, अन् म्हणून झालं का भट्टीवर जाये." मग बोट उगारून, "पण माही एक अट. जाजम झटकून ठेवाचं, अन् तहान लागली तं माह्या रांजणातलं पाणी प्याचं. घरून पाणी घेऊन येणारा आपल्याले नोको."

गार्डसाहेबांनी अट मान्य केली. बाकीच्यांना त्यांनी कसं कळवलं ते मी विचारलं नाही. न विचारण्याची मला नवीनच सवय लागत होती.

राहिला कमलबाईला निरोप. बंद पत्र पाठवलं तरी घरात कोण फोडेल सांगता येत नाही. म्हणून बुधवारी ड्युटी संपल्यावर सायकल काढली आणि वडनेरला त्यांच्या मळ्यात वांगी घ्यायला गेलो. बाई तोडणीवर एकटीच होती. पस्तिशीची असेल, हात काट्यांनी खरवडलेले. वांगी पिशवीत टाकता टाकता मी सांगितलं, "तुमचं कार्ड पोचलं. रविवारी सकाळी आठ वाजता. मोटारस्टँडवर उतरा, मी उभा राह्यतो."

तिचा हात थांबला. "तुमी त्याहिच्यातले हा काय, भाऊ?"

"नाई बाई. मी पोस्टमन."

ती रडली नाही. दोन वांगी जास्त टाकली आणि म्हणाली, "हे पह्यल्या तोडीचे हायेत. भाजून पाहा."

रविवारी पहिल्या मोटारीतून दोघं उतरली. नवरा महादेव, उंच, रापलेला, दाढी ताजी केलेली आणि अंगाला साबणाचा वास. आदल्या दिवसापासून घेतलेली नव्हती, ते बघताक्षणी कळत होतं. हात थरथरत होते. मी पुढे चाललो, ती दोघं मागे. स्टेशनचा रस्ता सोडून मी डावीकडे वळलो आणि मागची पावलं थांबली.

"इकडं?" महादेव म्हणाला.

"हाव."

"ही तं तुमची वस्ती हाये."

"हाव. माहीच."

तो मागे वळून बघायला लागला. मोटार अजून स्टँडवर उभी होती. कमलबाई नुसती त्याच्या बाजूला उभी राहिली, पदर मुठीत धरून. बारा वर्षांत मिळालेला एक होकार त्या वळणावर अडला होता, आणि मला काही बोलता येत नव्हतं. माझ्या बोलण्याने आधीच पुरेसं झालेलं होतं.

तेवढ्यात गयामावशी तांब्या घेऊन आली. "काय पाहुणे, वापस चालले? जा ना, पण पाणी पिऊन जा. तोंड पाहा कसं सुकलं."

त्याने तांब्या घेतला. तो तांब्या इतका हलत होता की अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. दोन्ही हातांनी धरून तो शेवटपर्यंत प्यायला. मावशी त्याच्या हातांकडे बघत होती. "आमच्या माणसाचे हात असेच हालत," ती म्हणाली. "त्याले बसाले जागा नव्हती. तुले हाये. जाय अंदर."

तो आत गेला. दाराशी चपलांचे चार जोड होते. गार्डसाहेब धरून पाचांपैकी चारच आले होते. गुरुजी आले नव्हते.

ते पुन्हा कधीच आले नाहीत. गार्डसाहेब त्यांच्या घरी तीनदा गेले, तिन्ही वेळा ते घरात नव्हते, म्हणजे असूनही नव्हते. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते परत प्यायला लागले आणि पुढच्या वर्षी त्यांनी बदली मागून घेतली. तोवर मी रोज त्यांच्या घरी टपाल देत होतो. ते माझ्याकडे न बघता हात पुढे करत. पानठेल्यावरच्या त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. त्या बैठकीने पुढे किती घरं सावरली ते मला ठाऊक आहे, आणि तो विहार मी सुचवला याचा अभिमानही आहे, पण एकाने दुसऱ्याची फेड होत नाही.

महादेवचंही सांगतो. तो त्या पहिल्या दिवशी सुधारून बाहेर पडला असं नाही. पुढे दोनदा घसरला, दोन्ही वेळा परत आला, आणि मग स्वतः नव्या माणसांचे हात धरून आणायला लागला. रांजण भरायचं काम त्याने आपल्याकडे घेतलं होतं. वडनेरच्या माळ्याच्या घरचा माणूस आमच्या वस्तीतला रांजण भरतो, हे वस्तीला बरेच दिवस पचलं नाही.

पण त्या रविवारी हे काहीच माहीत नव्हतं. मी, कमलबाई आणि गयामावशी लिंबाखाली बसलो होतो. आतून बोलणं ऐकू येत नव्हतं, आणि मी कान दिला नाही. अर्ध्या तासाने एकदम हसण्याचा आवाज आला. कमलबाई दचकली.

"हासून राह्यले?"

"हासतात कधी कधी," मी म्हणालो. मला तरी काय माहीत होतं.

नऊ वाजता दार उघडलं. माणसं एकेक करून, वेगवेगळ्या वाटांनी निघून गेली. महादेव शेवटी आला. डोळे लाल झालेले, पण सरळ चालत होता. तो बायकोसमोर येऊन उभा राहिला आणि खाली बघतच बोलला.

"आखाजीले माहेरी जाजो तू."

तिचा चेहरा उतरला. तिला वाटलं, त्याला सगळं कळलं. तो पुढे म्हणाला, "जाजो, पण रविवारच्या आंदी वापस येजो. मले एकट्याले इथवर येनं व्हनार नाई."

"रस्ता तं पाह्यला ना आता?"

"रस्ता पाह्यला. पण त्या वळणावर पाय थांबते, कमल."

तिने पदराने त्याच्या सदऱ्यावरचं पाणी टिपलं, जे केव्हाच वाळून गेलं होतं. दोघं मोटारीने परत गेली. ती येईल की नाही, हे मला त्या दिवशी समजलं नाही आणि त्यालाही समजलं नसावं.

शुक्रवारी आखाजी झाली. आमच्याकडे लेकी आखाजीला गेल्या की पंधरा पंधरा दिवस माहेरी राहतात. झाडांना झोके बांधलेले असतात, गाणी चाललेली असतात, कोणी परतायची घाई करत नाही. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी दुपारी, मी स्टँडसमोरच्या दुकानांत टपाल वाटत होतो. वरवट बकालकडून, म्हणजे तिच्या माहेराकडून, आलेली मोटार थांबली आणि तिच्यातून कमलबाई उतरली, कडेवर एक लेकरू, हाताला एक, डोक्यावर बोचकं. वडनेरची मोटार कुठे लागते ते तिने बघितलं. माझ्याकडेही बघितलं.

मी ओळख दाखवली नाही. हातातली पत्रं घेऊन पुढच्या दुकानात शिरलो.